कुडाळजवळचे नवे घर: तळमजल्याच्या आराखड्याबद्दल मते हवी आहेत

पाणंद

नमस्कार. कुडाळपासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या आमच्या गावातले मातीच्या भिंतींचे घर मागच्या पावसाळ्यानंतर उतरवावे लागले आणि आता त्याच जागेत नवे घर बांधायचे आहे. जागा चार गुंठे, म्हणजे ४,३५६ चौरस फूट असून ती जवळजवळ चौरस आहे; चारही बाजू ६६ फुटांच्या आसपास भरतात. रस्ता पूर्वेला, विहीर वायव्य कोपऱ्यात, आणि घर येणार त्या भागात जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे अडीच फूट उतरत गेलेली. घरात कायम राहणारी माणसे दोनच: बाबा वय ७४ आणि आई वय ६८. मी पुण्याला असतो, धाकटा भाऊ डोंबिवलीला. आम्ही मे महिन्यात, शिमग्याला आणि गणपतीला सहकुटुंब येतो. आमचा गणपती पाच दिवसांचा असतो, आणि त्या पाच दिवसांत काका-आत्यांची मुले धरून पंचवीस माणसे घरात झोपतात.

वरच्या मजल्यावर आम्हा भावांच्या दोन खोल्या होतील, त्याबद्दल वाद नाही. तळमजल्याचा आराखडा मात्र हातात आल्यापासून मला स्वस्थता नाही, म्हणून तो शब्दांत मांडतो. घर उत्तर-दक्षिण ३४ फूट आणि पूर्व-पश्चिम ४० फूट. रस्त्याच्या बाजूने पूर्ण रुंदीची आठ फुटांची पडवी. तिच्यामागे उत्तरेकडे २० बाय १४ चा हॉल, त्यातूनच वर जाणारा जिना; दक्षिणेकडे, म्हणजे आग्नेयेला, १२ बाय १४ चे स्वयंपाकघर. मग चार फुटांचा उत्तर-दक्षिण पॅसेज, आणि मागचे दार त्या पॅसेजच्या उत्तर टोकाला. पॅसेजपलीकडे वायव्येला पाहुण्यांची खोली, नैर्ऋत्येला आईबाबांची खोली आणि दोन्हींच्या मधोमध एक सामायिक संडास-बाथरूम.

कागदावर हे सारे नीटनेटके दिसते. बाबांना वास्तूप्रमाणे दिशा जुळल्याचे समाधान आहे आणि भावाला हॉल मोठा मिळाला आहे. आईला विचारले, तर ती "तुम्ही शिकलेली माणसे, ठरवा" एवढेच म्हणाली. हे तिच्या संमतीचे वाक्य नाही, इतके मला चाळीस वर्षांत कळलेले आहे. पायाची खोदाई सुरू होण्यापूर्वी अनुभवी मंडळींनी या आराखड्याकडे एकदा पाहावे, अशी विनंती.

ओळंबा

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. माझी सवय अशी की कोणाच्या घराचा नकाशा आला की मी हॉल शेवटी पाहतो आणि संडास आधी पाहतो, कारण भिंत दोन फूट सरकवता येते, पण मैलापाणी चढावर नेता येत नाही.

आपली विहीर वायव्येला आहे आणि जमीन दक्षिणेला उतरते. म्हणजे सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा दक्षिणेच्या अंगाला, शक्यतो आग्नेय कोपऱ्यात घ्यावा लागेल. विहिरीपासून टाकी निदान पन्नास फूट दूर असावी असे आम्ही धरत आलो. आपल्या जागेत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सत्तर फुटांहून अधिक अंतर सहज मिळते आणि टाकी विहिरीच्या उतारालाही राहते, हे आपले भाग्यच समजा. आता आराखड्यातला संडास पाहा. तो घराच्या पोटात आहे आणि त्याला बाहेरची भिंत फक्त पश्चिमेकडे आहे. तिथून निघालेला चार इंची पाइप घराला वळसा घालून आग्नेयेपर्यंत जाईल, म्हणजे साठ फुटांच्या आसपास लांबी झाली. चाळीस फुटांना एक फूट उतार धरला, तरी दीड फूट खोली लागते, आणि प्रत्येक वळणावर तपासणीचा चेंबर लागतो. तोच संडास दक्षिणेच्या भिंतीला नेला, तर पाइप निम्म्याने कमी होतो आणि खिडकीही मिळते.

दुसरी गोष्ट जोत्याची. अडीच फुटांच्या उतारामुळे उत्तरेला जोते दीड फूट दिसेल तेव्हा दक्षिणेला ते चार फूट होईल. त्या पोकळीत खोदाईची माती ढकलून त्यावर लगेच फरशी घालू नये. सहा-सहा इंचांचे थर टाकून, पाणी मारून, ठोकून भराव करावा आणि शक्य असल्यास एक पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा. भराव बसला की आधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली फरशी पोकळ वाजू लागते, मग तिला तडा जातो, आणि दोष मात्र फरशी बसवणाऱ्याच्या माथी येतो.

सोनचाफा

आपण सगळी मापे दिलीत, पण त्या घरात कोणाचे पाऊल किती वेळा कुठे पडणार आहे, ते दिलेले नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला आणि विहीर वायव्येला, म्हणजे घराच्या दोन टोकांना. नारळ मागच्या बाजूला पडणार, मासे मागच्या मोरीवर साफ होणार, केरकचरा मागे जाणार, कोकमे आणि काजू मागे वाळणार, कपडे मागे सुकणार. आणि हे सगळे करणारी बाई मात्र रस्त्याकडच्या खोलीत उभी राहून स्वयंपाक करणार. मासळीचे पाणी घेऊन ती पूर्ण पॅसेज ओलांडून मागच्या दारापर्यंत जाणार का? की दोन महिन्यांत पुढच्या पडवीच्या कडेला एक बादली कायमची येऊन बसणार?

आमच्या सासरच्या घरी नेमके हेच झाले. शहरी पद्धतीने स्वयंपाकघर पुढे घेतले, ओट्याला ग्रॅनाइट बसवला, आणि वर्षभरात मागे पत्र्याची छपरी उभारून सासूबाईंनी खरा स्वयंपाक तिथेच सुरू केला. ग्रॅनाइटच्या ओट्यावर आता वर्तमानपत्रांची रद्दी असते.

माझी एक विनंती आहे. आईंना मत विचारू नका. त्यांच्यामागे एक सकाळ बसा आणि त्या काय करतात ते नुसते पाहा.

कंदील

सोनचाफा यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु हॉलचा बळी देऊ नये असे मला वाटते. कोकणातल्या घराची परीक्षा गणपतीत होते. मखर, आरतीला उभी राहणारी माणसे, रात्री भजनाला बसणारी मंडळी आणि त्यांचे पखवाज-टाळ हे सारे बारा बाय बारात मावत नाही. आमच्याकडे हॉल लहान ठेवला, त्यामुळे भजनी मंडळींपैकी अर्धे लोक पावसात उघड्या खळ्यात बसतात, आणि दरवर्षी मंडपाचे कापड ताणावे लागते.

आणखी एक. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची चौकट, बांधण्यासाठी छतातून चार कड्या सोडायच्या असतील, तर स्लॅब ओतण्यापूर्वी गजाला बांधून सोडाव्यात. नारळ, सुपाऱ्यांची शिंपुटे, काकड्या, तवसे, कवंडळे असे सगळे बांधल्यावर त्या चौकटीला चांगलेच वजन येते. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या खुंट्यांवर माझा विश्वास नाही. मुख्य दार चार फुटांचे आणि दोन झडपांचे असावे. एरवी एक झडप उघडी राहते, आणि मूर्ती आणताना दोन्ही उघडता येतात.

पाणंद

सर्वांचे आभार. सोनचाफा यांनी सांगितल्याप्रमाणे या शनिवार-रविवारी गावी जाऊन खरोखरच बसलो. आईबाबा सध्या विहिरीजवळ उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, त्यामुळे तिचा दिनक्रम जुन्या घरात होता तसाच चालू आहे. सकाळी साडेसहा ते अकरा या वेळात ती एकोणतीस वेळा मागच्या बाजूला गेली. त्यातल्या बहुतेक फेऱ्या हातात काहीतरी घेऊन होत्या: कळशी, सुंगटांची (कोळंबीची) साले, भाताची पेज, ओले फडके, खवलेल्या नारळाच्या कवट्या. पुढच्या बाजूला ती तीनदाच गेली. एकदा फुले काढायला, एकदा मासेवालीची हाक आली म्हणून, आणि एकदा मी काय लिहीत बसलो आहे ते पाहायला.

आराखड्यातल्या स्वयंपाकघराच्या मधापासून विहिरीपर्यंतचा रस्ता पॅसेजमधून मोजला, तर एका बाजूने साठ फुटांच्या आसपास भरतो. एकोणतीस फेऱ्या, जाऊन-येऊन, म्हणजे साडेतीन हजार फुटांपर्यंत चाल झाली, आणि तीही फक्त अकरा वाजेपर्यंतची. हा हिशेब बाबांसमोर मांडला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण आग्नेयेचे काय?" म्हणून आता प्रश्न असा की स्वयंपाकघर वायव्येला घेतले, तर बाबांची समजूत कशी घालावी, आणि बांधकामाच्या दृष्टीने त्यात काही तोटा आहे का?

चिरेबंदी

मी सावंतवाडीकडचा. व्यवसायाने बांधकामवालाच आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

वास्तूचे म्हणाल, तर ते मानणारी मंडळीच आग्नेय न जमल्यास वायव्य चालते असे सांगतात. तेव्हा वडिलांना शास्त्र सोडायला लावण्याची गरज नाही, शास्त्रातला दुसरा पर्याय दाखवला की पुरे. मात्र वाऱ्या-पावसाचा विचार वास्तूच्या आधी करा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर तो नैर्ऋत्य आणि पश्चिम बाजूने झड मारत येतो. पश्चिमेच्या उघड्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी काढली, तर ती चार महिने बंद ठेवावी लागेल. शिवाय वारा पश्चिमेकडून येत असल्याने तळणीचा वास आणि धूर घरभर फिरेल. आग्नेयेला स्वयंपाकघर असण्यात हा फायदा खरोखर होता, हे कबूल करायला हवे. तिथला धूर वाऱ्याबरोबर घराबाहेर जातो.

उन्हाचेही तसेच. आपले अक्षांश साधारण सोळा आहेत, त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो आणि वायव्येकडे मावळतो. पावसाळ्यात ढगांमुळे ते जाणवत नाही, पण मे महिन्यात वायव्येची भिंत संध्याकाळी तापलेली असते. या दोन्हींवर आपल्या जुन्या घरांनी शोधलेला उपाय एकच, तो म्हणजे मागची पडवी. पश्चिमेला पूर्ण रुंदीची सहा फुटांची पडवी काढा आणि तिचे छप्पर कडेला सात फुटांपर्यंत खाली आणा. झड पडवीतच अडेल, भिंतीला ऊन लागणार नाही, आणि खिडकी पावसातही उघडी राहील. धुरासाठी ओटा उत्तरेच्या भिंतीला घेऊन त्याच भिंतीत वर पंखा बसवा. पाणी तापवायची चूल आणि मासे साफ करायची मोरी पडवीच्या उत्तर टोकाला ठेवा, म्हणजे विहीर तिथून हाकेच्या अंतरावर येते. मोरीचे पाणी सेप्टिक टाकीत नेण्याचे कारण नाही. ते केळी-माडांकडे सोडा, फक्त विहिरीकडे झिरपणार नाही इतके दूर न्या.

भिंती जांभ्याच्या घेणार असाल, तर आतून-बाहेरून न गिलावता नुसती दर्जभरणी (दगडांमधले सांधे भरणे) करण्याचा मोह हल्ली फार जणांना होतो, कारण छायाचित्रांत ते सुंदर दिसते. पूर्वेला, पडवीच्या आत, तसे जरूर करा. पश्चिमेची उघडी जांभ्याची भिंत मात्र पाणी पिते, आणि गणपतीपर्यंत आतल्या बाजूला शेवाळी कड धरते. पडवीच्या छपराला मंगळुरी कौले घालणार असाल, तर आधी माकडांना विचारा. आमच्या भागात माकडांनी कौले फोडल्यामुळे निम्म्या घरांनी नाइलाजाने पत्रे घातले आहेत.

अबोली

मी रुग्णालयात परिचारिका म्हणून अठ्ठावीस वर्षे काम केले आहे. मला हॉल, मखर आणि ओटा यांबद्दल काही सांगायचे नाही. मला तो चार फुटांचा पॅसेज पाहून भीती वाटली, म्हणून लिहीत आहे.

माझ्या स्वतःच्या वडिलांना पहाटे अर्धांगाचा झटका आला, तेव्हा ते आतल्या खोलीत होते. खोलीचे दार अडीच फुटांचे, दाराबाहेर लगेच काटकोनात वळणारा अरुंद पॅसेज. स्ट्रेचर साडेसहा-सात फुटांचे असते. ते त्या वळणावर फिरेना. शेवटी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, मान एकाने धरून आणि पाय दुसऱ्याने धरून बाहेर काढले. त्या अर्ध्या तासाने काय बिघडले आणि काय नाही, याचा हिशेब मी अनेकदा केला आहे आणि आता करत नाही. तेव्हापासून कोणाच्याही घरात गेले की मी मनातल्या मनात म्हाताऱ्या माणसाच्या पलंगापासून फाटकापर्यंत स्ट्रेचर फिरवून पाहते. आपल्या आराखड्यात ते नैर्ऋत्येच्या खोलीतून पॅसेजमध्ये, तिथून हॉलमध्ये, तिथून पडवीत असे वळत जाते. आईबाबांची खोली घरात सर्वांत आत कशासाठी? मुख्य खोली म्हणून मानाची जागा दिली असेल, पण पंच्याहत्तरीत मानापेक्षा मोकळा रस्ता महत्त्वाचा असतो.

खोलीचे दार साडेतीन फुटांचे ठेवा. संडास-बाथरूम त्यांच्या खोलीलाच जोडलेले हवे, आणि ते पाच बाय सातचे नको. निदान सात बाय सातचे करा, कारण चाकाची खुर्ची फिरवायला पाच फुटांचे मोकळे वर्तुळ लागते. आज खुर्ची नाही, हे मला माहीत आहे. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला अडतो आणि मग दार फोडण्यावाचून उपाय उरत नाही. संडासाच्या भांड्याच्या बाजूला आणि शॉवरखाली दांडे आज लावायचे नसतील, तरी तिथली भिंत नऊ इंची ठेवा, म्हणजे नंतर लावलेला दांडा उपटून हातात येणार नाही. आतली फरशी खरखरीत घ्या. चकचकीत टाइल्सना जून महिन्यात घाम सुटतो, हे कोकणात राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आणि चार फुटांच्या जोत्याकडे दक्षिणेच्या बाजूने कोणी जाणार नसले, तरी पूर्वेला फाटकाकडून पडवीत यायला पायऱ्यांच्या जोडीने उतरणीचा रस्ता करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. उत्तरेच्या टोकाला जोते दीड फूटच असल्याने तिथे अठरा फुटांत काम होईल.

तळटीप

अबोली यांचा मजकूर वाचून काही लिहिण्याचे धाडस होत नव्हते, तरीही विचारतो. आईबाबांची खोली नैर्ऋत्येला नसेल तर ती कुठे जाईल? आग्नेयेला गृहस्वामीने झोपू नये, कलह होतो, असे आमच्याकडे मानतात. माझा स्वतःचा त्यावर विश्वास आहे असे नाही, पण घर बांधताना एकदा मनात शंका शिरली की पुढे घरातल्या प्रत्येक शिंकेला तीच कारण ठरते.

पाणंद

तळटीप, आपला प्रश्न मी फोनवर बाबांना जसाच्या तसा विचारला. ते म्हणाले, "आमची भांडणे पन्नास वर्षे दिशा न बघता चाललेली आहेत." मागून आईचे हसणे ऐकू आले. तेव्हा आग्नेयेचा प्रश्न निकालात निघाला असे मी धरून चालतो. रस्ता पूर्वेलाच असल्याने खाटेवरून फाटक दिसेल, कोण आले-गेले ते कळेल, हे त्यांना उलट आवडलेले दिसते.

आता जिन्याचे काय करावे? भाऊ म्हणतो जिना आतच हवा, पावसात बाहेरून वर कोण जाणार?

गुंठेवारी

जिना आत घेतला की वरचा मजला कायमचा घराच्या गळ्यात पडतो. आपणच लिहिले आहे की वर्षातले बहुतेक दिवस वर कोणी नसणार. मग वरच्या खोल्यांचा केर, वरच्या खिडक्यांच्या कड्या, वर शिरलेले मांजर, हे सगळे अडुसष्ट वर्षांच्या बाईने का पाहावे? जिना पूर्णपणे उघड्यावरही नको, त्यात आपल्या भावाचे म्हणणे खरे आहे. मधला मार्ग असा की पुढच्या पडवीच्या उत्तर टोकातून जिना सुरू करावा आणि तो घराच्या उत्तर भिंतीला लागून, पण छपराखाली आणि जाळीच्या भिंतीत घ्यावा. पडवीतून कोरडे चढता येते, आणि आपण नसताना खालचे एक दार बंद केले की वरचा मजला कुलूपबंद होतो.

मापे अशी. मजल्याची उंची साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच धरली, तर सहा इंचांच्या एकवीस चढणी होतात. दहा इंचांचे पाऊल आणि मध्ये वळणाचा कट्टा घेतला, तर सात फूट रुंदी आणि बारा फूट लांबी पुरते. उत्तरेला आपल्याकडे सोळा फूट मोकळे आहेत, त्यातले सात गेले तरी नऊ उरतात. परवानगीसाठी किती सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी जागा) सोडावे लागते, ते गावठाणात आणि गावठाणाबाहेर वेगवेगळे असते, तेव्हा ते आपल्या नकाशाकाराकडून आधी पक्के करून घ्या. एक तळमळ मात्र व्यक्त करतो: कृपा करून जिन्याखाली संडास काढू नका. तिथे उंची पुरत नाही, आणि पाहुणा आयुष्यभर तुमचे घर डोक्याला लागलेल्या टेंगळावरून लक्षात ठेवतो.

कंदील

मग हॉल केवढा राहिला, ते कोणी सांगेल का? सगळ्यांनी मिळून माझा गणपती बोळात बसवलेला दिसतो.

ओळंबा

कंदील, आपला गणपती सुखरूप आहे. मी काल रात्री कागदावर मांडून पाहिले. बाहेरची मापे तीच, ३४ बाय ४०. पॅसेज पूर्ण काढून टाकला आणि ते चार फूट मागच्या पडवीला दिले. उरलेले दोन फूट आतली एक भिंत कमी झाल्याने आणि खोल्यांतून थोडे चोरून मिळाले. पुढची पडवी आठ फुटांची तशीच. तिच्यामागे उत्तरेला १८ बाय १४ चे माजघर (मी त्याला हॉल म्हणत नाही, कारण सगळ्या खोल्यांची दारे त्यातच उघडतात), आणि दक्षिणेला आईबाबांची १४ बाय १४ ची खोली, जिचे एक रुंद दार थेट पुढच्या पडवीत उघडते. स्ट्रेचरला आता एकही वळण नाही. मागच्या रांगेत उत्तरेला १४ फुटी स्वयंपाकघर, मध्ये साडेदहा फुटांची खोली, जी एरवी कोठी आणि पाहुणे आले की झोपायची, आणि नैर्ऋत्य कोपऱ्यात सात फुटी पट्टा. त्या पट्ट्याचे दोन भाग केले: पूर्वेकडचा सात बाय सात आईबाबांच्या खोलीला जोडलेला, पश्चिमेकडचा लहान संडास मागच्या पडवीत उघडणारा. शेतावरून, विहिरीवरून येणाऱ्याने घरात पाऊल न ठेवता तो वापरावा. दोन्ही दक्षिणेच्या भिंतीला असल्याने मैलापाण्याचा पाइप आता तीस-पस्तीस फुटांत टाकीला पोहोचतो आणि त्याला दहा इंच उतार पुरतो.

गणपतीचा हिशेब. झोपलेल्या माणसाला अडीच बाय सहा, म्हणजे पंधरा चौरस फूट लागतात; पंचवीस माणसांना पावणेचारशे. माजघर २५२ आणि पुढची पडवी २७२ मिळून ५२४ चौरस फूट होतात. त्यातून मखराची जागा आणि चालायची वाट वजा केली, तरी सगळे पाय लांब करून झोपतील. अट एकच: माजघर आणि पडवी यांच्यामधले दार चार फुटांचे नको, आठ फुटांचे चार झडपांचे हवे, म्हणजे ते उघडले की दोन्ही मिळून एकच जागा होते. भजनी मंडळी पडवीत बसतील आणि गणपती त्यांना समोर दिसेल. वरचा मजला येणार असल्याने त्या आठ फुटांवर तुळई नीट मोजून घ्यावी लागेल, ते अंदाजाने करू नये.

सोनचाफा

हा आराखडा मला पटला. दोन लहान गोष्टी सुचवते. स्वयंपाकघरात उभा ओटा बत्तीस ते चौतीस इंचांचा जरूर करा, पण तो आईंच्या कोपराच्या उंचीवरून ठरवा, कॅटलॉगवरून नको. आणि खाली बसून काम करायला, विळीवर नारळ खवायला, फणस फोडायला चार बाय पाचची जागा मोकळी ठेवा. तिथे कपाट येऊ देऊ नका. पुढची पडवी पाच वर्षांनी ग्रिल लावून बंद करण्याचा विचार ज्याच्या मनात असेल, त्याने आताच सांगावे. मग ती पडवी म्हणून बांधण्यात अर्थ नाही.

अबोली

पडवीतून आईबाबांच्या खोलीत उघडणाऱ्या दाराला उंबरठा ठेवू नका, किंवा अगदी अर्ध्या इंचाचा ठेवा. हळदकुंकू वाहायला मुख्य दाराचा उंबरठा आहेच. पडवीची फरशी दोन इंच खाली आणि बाहेर उताराची घेतली की पाणी आत येणार नाही. तेवढ्या दोन इंचांवर लहानशी उतरण करता येते.

पाणंद

कळवायला आठ दिवस लागले, क्षमस्व. ओळंबा यांचा आराखडा नकाशाकाराला दाखवला; त्याने थोडी कुरकुर केली आणि मग मापे दुरुस्त करून दिली. कागदपत्रे पुढे गेली आहेत. ग्रिलबद्दल भावाने डोंबिवलीहून लेखी नकार कळवला आहे, तो जपून ठेवला आहे.

काल गावी मिस्त्रीने फक्की टाकून जमिनीवर आखणी केली. पांढऱ्या रेघांचे घर प्रत्यक्षात फारच लहान दिसते. माजघर तर एवढेसे वाटले की मी पुन्हा टेप लावून मोजले. बाबा आग्नेयेच्या खोलीत खुर्ची टाकून फाटकाकडे तोंड करून बसले होते. आई शेडमधून रिकामी कळशी घेऊन आली, रेघांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या जागी उभी राहिली आणि तिथून सरळ विहिरीकडे चालत निघाली. नकाशातले मागचे दार पश्चिमेच्या भिंतीच्या मधोमध होते. ती त्या दारातून गेली नाही. भिंतीच्या रेघेवरून, उत्तरेच्या कोपऱ्यापासून तीन फुटांवर, पाय उचलून पलीकडे गेली, पाणी काढले, आणि कळशी कमरेवर घेऊन त्याच जागेवरून परत आत आली. मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "दार हय व्हया."

मिस्त्रीने मधल्या दाराच्या दोन खुणांमध्ये फक्कीची सरळ रेघ ओढली आणि जिथे तिच्या पायाने रेघ फिसकटली होती, तिथे गुडघ्यावर बसून टेप लावला.